शेतघरासाठी डिझेल: किती ठेवावं, कशात ठेवावं, आणायचं कसं?

माळावरची

नमस्कार मंडळी. आमची जागा छोटी आहे. पाचेक एकर, त्यावर राहतं घर, एक लहान ट्रॅक्टर, घरापुरता जनरेटर आणि पाणी उपसायचं डिझेल इंजिन. पेट्रोलपंप लांब, मधला रस्ता वाईट, आणि पाऊस जोराचा झाला की तो बंदच. आत्तापर्यंत लागेल तसं कॅनमधून आणत आलो, पण कामाची घाई असते नेमकं तेव्हाच डिझेल संपतं. आता साठा करायचा ठरवलंय.

भांड्यांचे तीन पर्याय समोर आहेत. एक, शेजारी दोन लोखंडी बॅरल फुकट देतोय, २०० लिटरची. एकात आधी इंजिन ऑइल होतं, दुसऱ्यात पेट्रोल. दोन, लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी टाकी, १००० लिटरची, वापरलेली. तीन, घरातच पडून असलेली जुनी जस्ती पत्र्याची पाण्याची टाकी, चांगली घट्ट आहे, कुठे गळत नाही.

घरच्यांचं म्हणणं, मोठी टाकी घ्या, एकदाच भरा, वर्षभर बघायला नको. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. वाहनात आमचा पिकअप आहे. डिझेल खराब होतं का? आणि आगीचं काय? पेट्रोलइतकं भडकत नाही एवढंच ऐकून आहे.

रोजचा_राबता

ताई, आम्ही २० लिटरच्या कॅनवरच भागवतो. भरलेला कॅन साधारण १७ किलो डिझेलचा, वर कॅनचं वजन, म्हणजे एका माणसाला उचलता येतो. बॅरल हलवायला दोन माणसं आणि फळी लागते. कॅनवर मोठ्या अक्षरात ‘डिझेल’ लिहा आणि पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलला लाल आणि डिझेलला पिवळा असा संकेत आहे. पाहुणा आला, मदतीला धावला आणि चुकीचा कॅन ओतून गेला, हे आमच्याकडे घडलेलं आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

पंपनोझल

मी इंजिनातले डिझेलचे पंप आणि नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोंडं, दुरुस्त करतो, आयुष्य त्यातच गेलं. लोकांच्या टाक्या मी बघत नाही, टाकीतून येऊन पंपात जे अडकतं ते बघतो. त्यावरून टाकी कशी असेल ते सांगता येतं. म्हणून माझं उत्तर आगीपासून सुरू होत नाही. आग महत्त्वाची आहेच, तिच्याकडे येतो. पण डिझेल साठवणाऱ्या शंभर माणसांपैकी बहुतेकांचं नुकसान आगीने होत नाही, पाण्याने होतं.

आधी तुमच्या तीन भांड्यांचं.

जस्ती टाकी बाद. गळत नसली तरी बाद, नवी कोरी असली तरी बाद. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी प्रक्रिया होते आणि जस्ताचा साबण तयार होतो. हा साबण डिझेलमध्ये विरघळून जातो, त्यामुळे फिल्टरमधून आरामात पार होतो आणि गरम नोझलच्या टोकाशी जाऊन बसतो. नोझल उघडलं की पांढुरका, कडक थर दिसतो. गिऱ्हाईक शपथ घेऊन सांगतं की फिल्टर नवा आहे, आणि ते खरंही असतं. तांबं आणि पितळही डिझेलला मानवत नाही, त्यांच्या संगतीने ते लवकर जुनं होतं. म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंत तांब्याची लांबलचक नळी टाकायचा मोह होईल, तोही टाळा. साधं काळं लोखंड, ॲल्युमिनियम, स्टेनलेस किंवा इंधनासाठीच बनवलेलं जाड प्लॅस्टिक, एवढंच चालतं.

ऑइलचं बॅरल चालेल. आतलं ऑइल पूर्ण निथळू द्या, थोडं डिझेल घालून खळबळा, ते डिझेल वेगळं काढा, इंजिनात घालू नका. आत टॉर्च मारून बघा. गंज दिसला तर परत करा. गंजाची पूड पंपाच्या प्लंजरला, म्हणजे आतल्या दट्ट्याला, वाळूसारखीच खाते.

पेट्रोलचं बॅरल घेऊ नका. याचं कारण लांबण आहे, खाली कुणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

आता पाणी. टाकी अर्धी भरलेली असेल तर उरलेल्या अर्ध्या जागेत हवा असते. दिवसा तापून ती फुगते, थोडी बाहेर जाते. रात्री गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. ती दमट हवा गार पत्र्याला लागली की आतून घाम फुटतो, थेंब ओघळून डिझेलमध्ये पडतात. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८४० ग्रॅम, त्यामुळे पाणी थेट तळाशी. तुम्ही वरून बघता तर डिझेल स्वच्छ. हे रोज रात्री होतं. पावसाची, गळक्या झाकणाची गरजच नाही.

आणि पाणी तिथे नुसतं बसून राहत नाही. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळीवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. होर्मोकोनिस रेझिनी नावाची एक बुरशी तर इंधनाच्या टाक्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. राहायला पाणी, खायला डिझेल. तिची काळपट-तपकिरी, बुळबुळीत साय धरते, वासही आंबूस येतो. ती साय सुटून फिल्टरला लागली की ट्रॅक्टर चढावर दम सोडतो. मालकाला वाटतं पंप गेला. खालचा पत्रा या जिवाणूंच्या आम्लाने आतून खड्डे पडून गळायला लागतो ते वेगळंच.

अनेक देशांत हल्ली पंपावरच्या डिझेलमध्येच काही टक्के बायोडिझेल मिसळलेलं असतं. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा पाणी जास्त धरतं आणि लवकर जुनंही होतं. पूर्वी कुणाचं डिझेल दोन-दोन वर्षं टिकलं असेल, त्या भरवशावर आज राहू नका. बंद, स्वच्छ, सावलीतल्या टाकीत ते सहा महिने ते वर्षभर नीट राहतं. हवामान उष्ण असेल तर सहा महिन्यांच्या बाजूला धरा. जुनं होताना ते काळपट होतं आणि डिंकासारखं चिकट काहीतरी सोडतं.

तेव्हा वर्षभराचा साठा एकदम करायचा हे तुम्हाला का पटत नव्हतं, त्याचं कारण हे. माझा हिशेब सोपा आहे: तीन महिन्यांत संपेल तेवढंच ठेवा, वर रस्ता बंद पडतो त्या दिवसांची बेगमी. जनरेटरला एका युनिटमागे ०.३ ते ०.४ लिटर धरा. घराचा भार ३ किलोवॉट आणि रोज चार तास चालवला तर १२ युनिट, म्हणजे चार-पाच लिटर. भार अगदी कमी असेल तर युनिटमागे खप वाढतो. ट्रॅक्टर आणि पाण्याच्या इंजिनाचा खप तुमच्या वहीत असेलच. नसेल तर महिनाभर लिहा, मग टाकीचं बोला.

चौकोनी_टाकी

पंपनोझल, तुमचा मुद्दा मान्य, पण एवढं घाबरवायची गरज नाही. माझ्याकडे तीच पिंजऱ्यातली पांढरी १००० लिटरची टाकी कित्येक वर्षं आहे. खाली तोटी आहे, कॅन लावला की भरला, पंप नाही की वीज नाही. बाजूने पातळी दिसते, काठी बुडवायला नको. बॅरलमधून हातपंपाने उपसत बसण्यापेक्षा शंभर पटीने सोपं. ताई, घ्या खुशाल, फक्त आधी त्यात काय होतं ते विचारा.

पंपनोझल

सोय आहे, नाही कुठे म्हणतो? पण त्या टाकीचे जे गुण सांगितलेत तेच तिचे दोष आहेत.

पातळी दिसते कारण प्लॅस्टिक पारदर्शक आहे. म्हणजे ऊनही आत जातं. उन्हाने डिझेल लवकर जुनं होतं आणि प्लॅस्टिकही ठिसूळ होतं. त्या टाकीच्या पाटीवर बनवल्याची तारीख असते. धोकादायक माल नेण्यासाठी अशा प्लॅस्टिक टाकीची मुदत बनवल्यापासून पाच वर्षं धरतात आणि मध्ये अडीच वर्षांनी तपासणी असते. वापरलेली टाकी स्वस्तात मिळते ती बहुधा ही मुदत उलटल्यावरच. पाणी ठेवायला चालेल, डिझेलला मी ठेवणार नाही.

खाली तोटी आहे. तोटी तळाला म्हणजे पहिल्यांदा बाहेर काय येणार? तळाचं पाणी आणि गाळ. ज्याला मी टाळा म्हणतोय तेच तुम्ही आधी इंजिनात घालताय. आणि ती प्लॅस्टिकची तोटी एखाद्या जनावराच्या धक्क्याने, मागे घेताना ट्रॅक्टर लागून तुटली तर हजार लिटर आपोआप बाहेर, थांबवायला काही नाही. पंपाने वरून उपसणारी टाकी असेल तर नळी तुटली तरी आतलं आतच राहतं, फक्त नळीत हवा शिरायला भोक किंवा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर एकदा चालू झालेली धार पंप बंद करूनही वाहत राहते.

आगीतही प्लॅस्टिकची टाकी काही मिनिटांत वितळून सगळं मोकळं सोडते. लोखंडी टाकी निदान थोडा वेळ देते.

तुमचं चाललंय ते चालू दे. पण ताडपत्री नको, चांगलं छप्पर आणि चारी बाजूंनी आडोसा करा. तोटीला दुसरं लोखंडी झाकण लावून कुलूप घाला. तोटीतून पहिले दोन लिटर नेहमी वेगळ्या बरणीत घ्या आणि उजेडात धरून बघा. बरणीत खाली थेंब गोळा झालेले दिसले की मला आठवा.

माळावरची

पेट्रोलच्या बॅरलचं कारण मी विचारते. शेजारी म्हणतो, धुऊन वाळवलंय, वास पण येत नाही. आणि बॅरल ठेवायचं कसं? उभं की आडवं? दोन तोंडं असतात त्याला.

पंपनोझल

पेट्रोलचं आधी.

डिझेलची वाफ पेट पकडेल एवढी निघायला ते बऱ्यापैकी गरम व्हावं लागतं. प्रमाणपद्धतीने मोजलेलं हे तापमान साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर असतं, कुठल्या देशाचं मानक आणि मोजायची पद्धत कोणती यावर आकडा बदलतो. पेट्रोलचा आकडा शून्याखाली ४० च्या आसपास. म्हणजे पेट्रोल कुठल्याही हवामानात वाफ सोडतंच. ‘पेट्रोलइतकं भडकत नाही’ हे तुम्ही ऐकलंय ते इथून आलं.

आता गंमत अशी की बंद बॅरलमध्ये पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की हवा कमी पडून ती सहसा पेटत नाही. तुम्ही वरून डिझेल ओतायला लागलात की डिझेल ती वाफ शोषून घेतं, आतलं मिश्रण पातळ होतं आणि नेमकं पेटायच्या प्रमाणात येतं. त्याच वेळी धार पडताना, नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. आताच्या डिझेलमधून गंधक जवळजवळ काढून टाकलंय, त्या शुद्धीकरणात त्याची वीज वाहून नेण्याची क्षमताही कमी होते, म्हणून विजेचा भार साठून राहतो. कारखान्यात त्यावर औषध घालतात, तरीही. एक ठिणगी पुरते. टँकरच्या धंद्यात पेट्रोलनंतर डिझेल भरताना झालेले स्फोट बरेच आहेत. धुतलेल्या बॅरलच्या कडेच्या शिवणीत पेट्रोल राहतं आणि नाकाला कळत नाही. शिवाय टक्काभर पेट्रोल मिसळलं तरी सगळ्या डिझेलचं पेटायचं तापमान बरंच खाली येतं, आणि तुम्ही ते घराशेजारी डिझेल समजून ठेवणार. फुकट असलं तरी नको.

बॅरलचं. उभं ठेवलं की वरच्या कडेने पावसाच्या पाण्याचं तळं होतं, दोन्ही बुचं त्या तळ्यात. रात्री बॅरल गार होऊन आत ओढलं की हवेच्या ऐवजी ते साठलेलं पाणीच वॉशरमधून आत जातं. बूच कितीही आवळलं तरी जातं. म्हणून उघड्यावर उभं ठेवायचंच असेल तर एका बाजूला लाकडाचा ठोकळा देऊन कलतं ठेवा, आणि बुचं पाणी साठेल त्या रेषेवर येणार नाहीत अशी फिरवा. आडवं ठेवलंत तर दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी. दोन्ही डिझेलखाली राहतात, वॉशर ओलं राहतं, हवा ओढायला वाव राहत नाही. हे न वापरता ठेवलेल्या भरल्या बॅरलचं. वापरातलं बॅरल छपराखाली, उभं, हातपंप लावून.

हातपंपाची नळी तळाला टेकू देऊ नका. सात ते दहा सेंटिमीटर वर कापा. तळाचं ते डिझेल गेलं असं समजा, वर्षातून एकदा काढून गाळून बघा. उपसल्यानंतर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाणी अडवणारा फिल्टर लावा. जुन्या बनावटीचं इंजिन बरंच सहन करतं. नवं कॉमन रेल, म्हणजे भारी दाबाने डिझेल फवारणारं, असेल तर मात्र लाड नाहीत, तिथे इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची आणि दाब २००० बारच्या घरात.

बॅरल काठोकाठ भरू नका. डिझेल तापलं की फुगतं. २० अंश तापमान चढलं तर २०० लिटरचे सव्वातीन लिटर जास्त होतात. पाच टक्के जागा रिकामी सोडा. हे वर सांगितलेल्या ‘अर्धी टाकी घाम धरते’ याच्याशी भांडत नाही: भरलेली ठेवा, चोंदलेली नको.

खाली हौद करा. विटांचा, आतून सिमेंट घोटलेला, सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के मापाचा. २०० लिटरचं बॅरल असेल तर २२० लिटर मावले पाहिजेत. विहिरीपासून, बोअरपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. मातीत मुरलेलं डिझेल परत काढता येत नाही, आणि विहिरीच्या पाण्याला तो वास लागला की तुमचं पिण्याचं पाणी गेलं. हौदाच्या तळाला पाणी सोडायचं भोक ठेवू नका. पावसाचं पाणी साठलंच तर वर तवंग नाही ना हे बघून उपसा.

जुना_टँकरवाला

मी बरीच वर्षं टँकर चालवला. आणायचं कसं याला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

भरलेलं बॅरल म्हणजे १६८ किलो डिझेल आणि १८-२० किलो पत्रा. १००० लिटरची टाकी भरली तर ९०० किलोच्या वर. पिकअपचं पासिंग किती किलोचं आहे ते आधी बघा, त्यात माणसंही मोजा. पण वजनापेक्षा वाईट असतं ते अर्धवट भरलेलं भांडं. ब्रेक मारला की सगळं डिझेल पुढे धावतं, वळणावर बाहेरच्या बाजूला. टँकरच्या पोटात आडवे पत्रे असतात ते यासाठीच. त्या पांढऱ्या टाकीत काही नसतं. अर्ध्या भरलेल्या टाकीने वाईट रस्त्याच्या वळणावर गाडी जी ओढते ती हातात राहत नाही. न्यायचीच तर भरलेली न्या नाहीतर रिकामी. तुमच्या रस्त्याला मी २० लिटरचे कॅन किंवा फार तर एक बॅरल म्हणेन.

बॅरल उभं, केबिनच्या पाठीला चिकटवून, मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे. दोन पट्टे, दोन वेगळ्या दिशांनी, खाली रबराची चटई. दोरी नको, दोरी ढिली पडते. अर्ध्या वाटेवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. कॅन कधी केबिनमध्ये घेऊ नका.

पंपावर कॅन भरताना तो गाडीतून खाली, जमिनीवर ठेवा. पिकअपच्या हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर विशेषच. प्लॅस्टिकवर ठेवलेल्या कॅनमधला स्थिर विजेचा भार जमिनीत जात नाही. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवा, धार सावकाश. बॅरल उचलून खाली घेणं शक्य नसतं, तिथे बॅरल आणि नोझल तारेने जोडून घ्यावं लागतं. जिथे ही सोय नाही तिथे बॅरल गाडीवर भरूच नये, कॅन भरून आणावेत.

जगभर डिझेलचा धोकादायक मालातला नंबर १२०२ आहे, वर्ग ३. किती लिटरपर्यंत परवाना लागत नाही हे जागेजागी वेगळं आहे, घरी साठवायलाही आणि रस्त्यावर न्यायलाही. आपल्या भागातल्या अग्निशमन खात्यात एकदा जाऊन विचारा, आणि विमा असेल तर त्या कागदातही बघा.

गाडीत पावडरचा अग्निशामक ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, डिझेल पाण्यावर तरंगत आग पसरवतं. पावडर किंवा फोम. सांडलं तर वाळू, कोरडी माती नाहीतर भुसा टाकायचा. भिजलेला भुसा आणि चिंध्या ढीग करून शेडमध्ये ठेवू नका, लगेच बाहेर न्या.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांना हा धागा वाचून दाखवला. १००० लिटरचा विषय बंद झाला, जस्ती टाकी परत पाण्यालाच. ऑइलचं एक बॅरल घेते, छपराखाली हौदात, आणि रस्ता बंद पडायच्या दिवसांसाठी वर चार कॅन.

तीन शंका राहिल्या. तळाला पाणी आहे हे बॅरल न उपसता कसं कळेल? बुरशी मारायचं औषध सुरुवातीपासून घालत राहू का? आणि आमचा मदतनीस नळीने तोंडाने ओढून डिझेल काढतो, सांगूनही ऐकत नाही. त्याला काय सांगू?

पंपनोझल

पाणी शोधायची पेस्ट मिळते. काठीच्या टोकाला बोटभर लावायची, काठी सरळ तळाला टेकवायची, अर्धा मिनिट थांबून बाहेर काढायची. जिथपर्यंत पाणी तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. महिन्यातून एकदा, आणि नवं डिझेल ओतण्याआधी. ओतल्यावर लगेच बघू नका, ढवळलेलं पाणी खाली बसायला एक रात्र द्या. ओतल्या दिवशी ते डिझेल वापरूही नका, शक्य असेल तर.

औषध सुरुवातीपासून नको. आधी पाणी काढा. पाणी नसेल तर बुरशीला राहायला जागाच नाही. पाणी ठेवून औषध घालणाऱ्यांचं काम माझ्याकडे जास्त येतं: बुरशी मरते, मेलेली साय सुटते आणि सगळी एकदम फिल्टरला येऊन चिकटते. साय दिसलीच तर पाणी काढा, टाकी पुसून घ्या, मग लेबलवर दिलेल्या मात्रेने औषध. त्यावर दोन मात्रा असतात, एक झटक्याची आणि एक देखभालीची. अंदाजाने झाकणभर वगैरे ओतू नका, हातमोजे घाला. त्यानंतरच्या काही दिवसांत दोन फिल्टर हाताशी ठेवा.

मदतनीसाला सांगा, डिझेल पोटात गेलं त्यापेक्षा फुप्फुसात गेलेलं वाईट. ते पातळ असतं, ओढताना ठसका लागला की घोटभर आत उतरतं आणि फुप्फुसाला सूज आणते. लक्षणं काही तासांनी वाढतात, तोवर माणूस म्हणतो मला काही झालं नाही. गिळलं तर उलटी करवायची नाही, उलटीत तेच डिझेल वर येऊन श्वासात जातं. थेट डॉक्टरकडे. आणि बोलून भागत नसेल तर नळीच लपवा. रबरी फुग्याचा हातपंप आणून द्या, तो वापरायला तोंडाने ओढण्यापेक्षा सोपा असतो, त्यामुळे उपदेश न करता काम होतं. रोज हात डिझेलमध्ये घालत असेल तर कातडी फुटते, खाजते. नायट्राइलचे मोजे द्या, साधे रबरी डिझेलमध्ये फुगतात.

माळावरची

फुग्याचा पंप मागवला. शेजारी ते पेट्रोलचं बॅरल आता कापून गुरांना पाणी प्यायला हौद करतोय, ग्राइंडर आणलाय.

पंपनोझल

त्याला आत्ता फोन करा, मग पुढचं वाचा.

रिकाम्या बॅरलला ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग काहीही लावायचं नाही. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं जास्त घातक, कारण आत हवा आणि वाफ दोन्ही असतात. पेट्रोलचंच नाही, डिझेलचं आणि ऑइलचं बॅरलही तसंच. गार असताना डिझेल पेटेल एवढी वाफ सोडत नाही, पण कापताना पत्रा लाल होतो, शिवणीतलं उरलंसुरलं तिथेच उकळतं आणि बॅरलचं झाकण माणसाच्या अंगावर येतं. धुतलंय, उन्हात वाळवलंय, झाकणं उघडी ठेवलीत, यातलं काहीही पुरेसं नाही.

कापणं ज्यांचं रोजचं काम आहे ते बॅरल आधी वाफेने धुतात, आतली हवा मोजायच्या यंत्राने तपासतात आणि मगच हात लावतात. घरी ते होत नाही. बॅरल भंगारात देताना आत पेट्रोल होतं हे तोंडाने सांगा आणि वर खडूने लिहाही. आणि गुरांसाठी हौद हवा असेल तर तुमची जस्ती टाकी आहेच की, पाण्यासाठीच बनवलेली. ती त्याला द्या.